लिंपेटचे कवच, अधिवास आणि आहार : कोकण किनाऱ्यावरील ‘सेलाना’ आणि बुलढाणा जिल्ह्यातील प्राणिशास्त्राचे अध्यापन

सारांश

लिंपेट हा खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर राहणारा, शंकूच्या आकाराचे कवच असलेला उदरपाद वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. विदर्भातील महाविद्यालयांत तो बहुधा संग्रहालयातील बरणीतूनच विद्यार्थ्यांना भेटतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या सेलाना या वंशाच्या आधारे लिंपेटचे कवच, अधिवास व आहार यांचे परस्परसंबंध स्पष्ट केले आहेत. कवचाचा आकार हा प्राण्याच्या वंशापेक्षा त्याच्या राहण्याच्या जागेची अधिक साक्ष देतो, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. त्यामुळे जागेपासून तोडलेला नमुना अपुरी, प्रसंगी दिशाभूल करणारी माहिती देतो. या दृष्टीने शैक्षणिक सहलीतील नमुनासंकलनाच्या प्रथेचा पुनर्विचार सुचविला आहे.

बीजसंज्ञा : लिंपेट, सेलाना रेडिएटा, आंतरवेला क्षेत्र, रेत्रिका, अभिसारी उत्क्रांती, गिमवी, दख्खनचा बेसाल्ट.

१. प्रस्तावना

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून तीनशे कि.मी.हून अधिक अंतरावर आहे. येथील पदवी वर्गातील विद्यार्थी मृदुकाय संघाचा अभ्यास करतो तेव्हा पायला ही गोड्या पाण्यातील गोगलगाय त्याच्या परिचयाची असते. परंतु कायटन, पटेला, डेंटॅलियम, अप्लिसिया, सेपिया इत्यादी नमुने तो प्रयोगशाळेच्या कपाटातच पाहतो. प्रात्यक्षिक परीक्षेत बरणी समोर येते, विद्यार्थी ‘पटेला’ असे नाव लिहितो, संघ व वर्ग लिहितो आणि ‘समुद्रवासी, खडकास चिकटून राहतो’ असे एक वाक्य जोडतो. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. मात्र तो प्राणी खडकास का चिकटतो, चिकटलेला असताना खातो काय, आणि त्याचे कवच वेटोळे नसून टोपीसारखे का आहे, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

जिल्ह्यातील लोणारचे सरोवर खाऱ्या पाण्याचे असल्याने तेथे समुद्री प्राणी असावेत, अशीही शंका काही विद्यार्थी विचारतात. ही शंका उपयुक्त आहे, कारण तिच्यामुळे अधिवास या संकल्पनेचा नेमका अर्थ सांगण्याची संधी मिळते. लोणारचे पाणी खारट आहेच, पण ते तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. शिवाय तेथे भरती नाही, ओहोटी नाही आणि समुद्रातून वाहत येणारे डिंभही नाहीत. केवळ क्षार असल्याने समुद्री अधिवास तयार होत नाही.

असे असले तरी लिंपेटच्या पायाखालचा खडक बुलढाण्याच्या विद्यार्थ्यास अनोळखी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून पसरलेला दख्खनचा बेसाल्ट लोणारच्या विवराच्या भिंतींत दिसतो, तसाच तो रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर लाटांखाली दिसतो. म्हणून या विषयाची सुरुवात खडकापासून करणे आपल्या भागातील अध्यापकास सोयीचे आहे.

२. वर्गीकरणातील स्थान

‘लिंपेट’ हे एका प्रजातीचे नाव नाही. टोपीसारखे कवच आणि रुंद पाद असलेल्या अनेक उदरपाद प्राण्यांना ते सैलपणे लावले जाते. त्यांपैकी ‘खरे लिंपेट’ पटेलोगॅस्ट्रोपोडा या गटात मोडतात. पाठ्यपुस्तकांत येणारा पटेला हा वंश प्रामुख्याने युरोप व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरचा आहे. भारताच्या किनाऱ्यावर त्याची जागा मुख्यतः सेलाना या वंशाने घेतली आहे. हा वंश नॅसेलिडी कुलात समाविष्ट केला जातो. आपल्या जुन्या संग्रहांतील ‘पटेला’ अशी चिठ्ठी लावलेले अनेक भारतीय नमुने प्रत्यक्षात सेलानाचे असण्याचा संभव म्हणूनच मोठा आहे.

सेलाना रेडिएटा या प्रजातीचे मूळ वर्णन इग्नाझ फोन बोर्न यांनी १७७८ मध्ये व्हिएन्ना येथील शाही संग्रहालयातील नमुन्यांच्या आधारे केले. त्यांनी तिला पटेला वंशातच ठेवले होते. सेलाना या वंशनामाची स्थापना हेन्री ॲडम्स यांनी १८६९ मध्ये केली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या सेलाना कराचिएन्सिस या दुसऱ्या प्रजातीचे वर्णन विंकवर्थ यांनी १९३० मध्ये केले. नावावरून सूचित होते त्याप्रमाणे तिचा संबंध कराचीच्या किनाऱ्याशी आहे. भारतात सेलाना रेडिएटाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉल्टेअर (विशाखापट्टणम) येथे झाला. पी. एन. गणपती व एम. बालपरमेश्वर राव यांनी या प्राण्याचे श्वसन, प्रजनन इत्यादी अंगांवर केलेले काम आजही संदर्भ म्हणून वापरले जाते.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. कवचाचा रंग, बरगड्यांची संख्या व उंची यांवर आधारलेली लिंपेटची नावे वारंवार बदलत आली आहेत, कारण ही लक्षणे एकाच प्रजातीत जागेनुसार बदलतात. त्याची कारणे पुढील विवेचनात येतील.

३. कवच

३.१ रचना

सेलाना रेडिएटाचे कवच साधारणपणे २ ते ४ सें.मी. लांब, तळाशी अंडाकृती आणि वर बोथट शंकूसारखे असते. शिखर बरोबर मध्यभागी नसून किंचित पुढच्या बाजूस झुकलेले असते. शिखरापासून कडेपर्यंत किरणांप्रमाणे बरगड्या पसरतात. प्रजातीच्या नावाचा अर्थही हाच आहे. बाहेरील रंग करडा, तपकिरी किंवा हिरवट असतो व त्यावर गडद पट्टे असू शकतात. आतील बाजू चंदेरी झाक असलेली असते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असून कॅल्साइट व ॲरॅगोनाइट या त्याच्या दोन स्फटिकरूपांचे थर त्यात निरनिराळ्या पद्धतीने रचलेले असतात.

कवचाच्या आतील पृष्ठभागावर घोड्याच्या नालेसारखी एक खूण दिसते. ही कवचाला शरीर जोडणाऱ्या स्नायूची खूण होय. नालेचे उघडे तोंड पुढे, म्हणजे डोक्याच्या बाजूस असते. रिकामे कवच हातात असताना पुढची व मागची बाजू ओळखण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

३.२ वेटोळे गेले, पीळ राहिला

शंखासारखे वेटोळे नसल्याने लिंपेट हा उदरपाद कसा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर विकासावस्थेत सापडते. व्हेलिजर या डिंभावस्थेत इतर उदरपादांप्रमाणे लिंपेटच्या आंतरांगांनाही पीळ पडतो. या प्रक्रियेत मागे असलेली प्रावारगुहा सुमारे १८० अंशांत फिरून डोक्यावर येते. हा पीळ प्रौढावस्थेतही टिकतो. कवचाचे वेटोळे होणे ही त्याहून वेगळी प्रक्रिया आहे. प्रौढ लिंपेटमध्ये कवचाची वाढ कडेने सर्व बाजूंस होत गेल्याने शंकू तयार होतो. पीळ व वेटोळे या दोन संज्ञांची गल्लत टाळण्यासाठी लिंपेटइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

पायलाच्या कवचाचे तोंड बंद करणारे झाकण असते. लिंपेटला असे झाकण नसते, कारण त्याच्या कवचाचे तोंड खडकच बंद करतो. कवच व खडक मिळून एक बंद कुपी होते. म्हणूनच खडकावरून काढलेले कवच हे अर्ध्या कुपीसारखे असते.

३.३ उंचीचे गणित

अनेक लिंपेट प्रजातींत किनाऱ्याच्या वरच्या भागातील, म्हणजे अधिक काळ उघडे पडणाऱ्या जागेतील कवचे उंच, तर खालच्या भागातील कवचे चपटी असल्याचे आढळते. ऑर्टन यांनी १९३२ मध्ये याचे एक कारण सुचविले. कोरड्या जागेतील प्राणी कवच खडकावर घट्ट ओढून धरतो. स्नायूंच्या या सततच्या आकुंचनामुळे प्रावाराची कड आत ओढली जाते, आणि नवीन कवच बाहेर पसरण्याऐवजी खालच्या दिशेने घातले जाते. परिणामी शंकू उंच होतो.

उंच शंकूचा लाभ साध्या गणिताने दाखविता येतो. तळाचा व्यास ३० मि.मी. असलेली दोन काल्पनिक शंक्वाकार कवचे घेऊ. एकाची उंची ९ मि.मी. व दुसऱ्याची १५ मि.मी. मानू. दोघांचाही परीघ सुमारे ९४ मि.मी. आहे. पहिल्याचे घनफळ सुमारे २१२० घन मि.मी., तर दुसऱ्याचे सुमारे ३५३४ घन मि.मी. येते. पाणी मुख्यतः कवच व खडक यांमधील फटीतून, म्हणजे परिघावरून उडून जाते. परिघाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे पहिल्या कवचात सुमारे २२.५ घन मि.मी. जागा आहे, तर दुसऱ्यात सुमारे ३७.५ घन मि.मी. तेवढ्याच फटीमागे पाणी व ऊती यांचा साठा दीडपटीहून अधिक झाला. कवचाच्या बाह्य पृष्ठाचे क्षेत्रफळ मात्र सुमारे २१ टक्क्यांनीच वाढते.

उंचीची किंमतही मोजावी लागते. उंच शंकूवर लाटेचा आघात अधिक बसतो. त्यामुळे प्रत्यक्ष कवच हे शुष्कता व लाट या दोन संकटांमधील तडजोड असते, आणि ही तडजोड प्रत्येक जागी निराळी असते. कवचाच्या उंचीवरून नवी प्रजाती कल्पिणाऱ्या जुन्या वर्गीकरणाची अडचण येथेच होती.

४. अधिवास

४.१ आंतरवेला क्षेत्र

भरतीची सर्वांत वरची रेषा आणि ओहोटीची सर्वांत खालची रेषा यांमधील पट्ट्यास आंतरवेला क्षेत्र म्हणतात. येथील प्राण्याला दिवसातून साधारण दोनदा समुद्रात व दोनदा जमिनीवर राहावे लागते. सेलाना या पट्ट्यातील खडक, दगड व किनाऱ्यावरील बांधाच्या भिंती यांवर आढळतो. वाळूच्या पुळणीवर किंवा खाडीच्या चिखलात तो राहू शकत नाही, कारण पाद रोवण्यास टणक पृष्ठ हवे असते. त्याच्या शेजारी बार्नेकल, कालवे, नेराइट व लिटोरिना हे शंखधारी आणि समुद्री शैवले असतात.

पश्चिम किनाऱ्यावरील ऋतुचक्र या प्राण्याची परीक्षा पाहणारे आहे. उन्हाळ्यात दुपारची ओहोटी असेल तर काळा बेसाल्ट तापतो. पावसाळ्यात नेमके उलटे संकट येते. ओहोटीच्या वेळी खडकावर गोड्या पाण्याचा मारा होतो आणि भरतीच्या वेळी उधाणाच्या लाटा आदळतात. उन्हात पाणी आत धरून ठेवणारी बंद कुपी पावसात गोडे पाणी बाहेर ठेवते. एकच रचना दोन विरुद्ध संकटांत उपयोगी पडते.

४.२ चिकटण्याची क्रिया

लिंपेट केवळ पोकळी निर्माण करून, म्हणजे चोषणाने चिकटतो, असा समज रूढ आहे. ए. एम. स्मिथ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, लिंपेट दोन पद्धती आलटून पालटून वापरतात. पाण्याखाली हालचाल करीत असताना चोषण उपयोगी पडते. ओहोटीत एका जागी थांबल्यावर पादातून स्रवणारा श्लेष्म गोंदासारखे कार्य करतो. बेसावध लिंपेट बोटाने सहज सरकतो, मात्र एकदा स्पर्श झाल्यावर तोच प्राणी कवच दाबून धरतो आणि पाते घालूनही निघत नाही, हा किनाऱ्यावरचा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी बळजबरी केल्यास पाद फाटतो किंवा कवचाची कड तुटते. जखमी प्राणी परत खडकावर ठेवला तरी कुपी पूर्वीसारखी बंद होत नाही, आणि तो वाळून वा खेकड्याच्या भक्ष्यस्थानी पडून मरण्याची शक्यता मोठी असते.

४.३ घरची जागा

अनेक लिंपेट चरून झाल्यावर ठरलेल्या जागी परत येतात. मऊ खडकावर कवचाच्या घर्षणाने खडकच झिजतो व त्यावर अंडाकृती खाच पडते. कठीण खडकावर मात्र कवचाची कड खडकाच्या उंचसखलपणानुसार वाढते. बेसाल्टसारख्या खडकावर दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा अधिक. अशा कवचाची कड सपाट काचेवर ठेवल्यास फटी दिसतात. त्या त्याच्या मूळ जागेच्या खडकाचा ठसाच असतात. असे कवच बाजूच्या खडकावर नीट बसेलच असे नाही.

परतण्याचा हा गुण सर्व प्रजातींत सारखा नसतो. सेलाना वंशातील प्रजातींत तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो, आणि एकाच प्रजातीतील काही प्राणी नेमाने परततात तर काही जागा बदलतात. आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या ठिकाणचे सेलाना काय करतात, हे तेथे बसून पाहण्याचाच विषय आहे.

५. आहार

५.१ खडकावरील अदृश्य कुरण

ओहोटीच्या वेळी खडक उघडाबोडका दिसतो. प्रत्यक्षात त्यावर करंडक वनस्पती, नील-हरित शैवले, जीवाणू आणि मोठ्या शैवलांचे नुकतेच रुजलेले अंकुर यांचा पातळ लेप असतो. हा लेप हेच लिंपेटचे अन्न होय. चरण्यासाठी तो खडक ओला असण्याच्या वेळा निवडतो. तळपत्या उन्हात त्याची हालचाल जवळजवळ थांबते. लेपाची वाढ ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत कोकणातील खडकांवर हिरव्या शैवलांचा थर चढतो, तर उन्हाळ्यात वरच्या पट्ट्यातील शैवले करपून जातात.

५.२ रेत्रिका

हा लेप खरवडण्याचे साधन म्हणजे रेत्रिका. कानशीसारख्या या फितीवर दातांच्या आडव्या ओळी असतात. पुढचे दात झिजून पडतात आणि मागून नवे येत राहतात. लिंपेटची रेत्रिका शरीराच्या मानाने फारच लांब असते व ती आंतरांगांत वेटोळे करून राहते. एच. ए. लोवेनस्टॅम यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, लिंपेटच्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असते. बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पटेला व्हल्गाटाच्या दातांची ताणशक्ती मोजली. ती ३ ते ६.५ गिगापास्कल भरली आणि तोपर्यंत मोजलेल्या जैविक पदार्थांत सर्वाधिक ठरली. प्राणी आपल्या शरीरात लोहाचे खनिज घडवितो व त्याने दगड खरवडतो, ही गोष्ट रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र शिकवावी अशी आहे.

५.३ चरण्याचा परिणाम

लिंपेट खडकावरून नाहीसे केले तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमधील दोन घटनांतून मिळाले. एन. एस. जोन्स यांनी १९४० च्या दशकात आइल ऑफ मॅनच्या किनाऱ्यावरील एका पट्ट्यातून लिंपेट काढून टाकले. तेथे प्रथम हिरवी शैवले वाढली, नंतर मोठ्या तपकिरी शैवलांनी खडक झाकला. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ फुटले. तेल हटविण्यासाठी वापरलेल्या विषारी प्रक्षालकांमुळे लिंपेट मोठ्या प्रमाणावर मेले आणि किनारा हिरवा झाला. पूर्वीची स्थिती येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे ओहोटीत दिसणारा उघडा खडक हा बव्हंशी या चरणाऱ्या प्राण्यांनी उघडा ठेवलेला असतो. एकेका प्राण्याचे काम क्षुल्लक असले तरी त्या सर्वांचे मिळून किनाऱ्याचे रूप ठरते.

६. एकच आकार, अनेक वंश

आतापर्यंतच्या विवेचनावरून टोपीसारखे कवच ही खडकावर चिकटून चरण्याच्या जीवनपद्धतीची गरज असल्याचे दिसते. तसे असेल तर हीच पद्धत स्वीकारणाऱ्या, परंतु वंशाने दूरच्या प्राण्यांतही तोच आकार आढळावयास हवा. तसा तो आढळतो.

कोकणच्या खडकांवर सेलानाच्या जोडीने सायफोनेरिया हा ‘आभासी लिंपेट’ राहतो. वरून पाहता दोघांत गल्लत होते. सायफोनेरियाच्या कवचाला उजव्या बाजूस किंचित फुगवटा असतो, आणि आतील नालेचे उघडे तोंड पुढे नसून उजवीकडे असते. कारण त्याचे श्वसनछिद्र उजवीकडे आहे; वंशाने तो फुप्फुसधारी गोगलगायींच्या जवळचा आहे. सेलानात प्रावाराच्या कडेने झालरीसारखे दुय्यम क्लोम असतात. शिखरावर छिद्र असलेला फिशुरेला हा आणखी तिसऱ्या गटातील प्राणी होय. गोड्या पाण्यातील फेरिसिया हे चौथे उदाहरण. त्याचे कवच काही मिलिमीटरचेच असते, आणि तळी व ओढे यांतील दगड, पाने व देठ यांच्या पृष्ठभागावरील लेप खाऊन तो जगतो.

हे अभिसारी उत्क्रांतीचे निर्मळ उदाहरण आहे. बाहेरचा आकार जागेमुळे सारखा झाला. आतील स्नायूची खूण व श्वसनेंद्रिय यांनी वंश जपला. विद्यार्थ्याने बरणीतील आकार पाहून नाव लिहिले तर तो नेमक्या फसव्या लक्षणावर विसंबतो.

७. गिमवीचे उदाहरण

लिंपेटची नीट ओळख ही केवळ वर्गीकरणाची हौस नाही, हे महाराष्ट्रातील एका घटनेने दाखविले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. हा रोग आफ्रिका व पश्चिम आशियातील. भारतात त्याचे स्थानिक केंद्र असेल अशी अपेक्षा नव्हती. आफ्रिकेत या कृमीचा मध्यस्थ पोशिंदा बुलायनस ही गोगलगाय असते. गिमवीच्या पाण्यात मध्यस्थ म्हणून पुढे आला तो फेरिसिया टेन्युइस हा गोड्या पाण्यातील चिमुकला लिंपेट.

ज्या प्राण्याकडे सामान्यतः कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याचा अधिवास व आहार माहीत असणे एका गावाच्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पाण्यातील पानाच्या मागे चिकटलेला काही मिलिमीटरचा ठिपका ‘काहीतरी आहे’ म्हणून सोडून दिला असता तर रोगाची साखळी अपुरी राहिली असती. आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठीही हे उदाहरण जवळचे आहे. सेलानासाठी कोकणात जावे लागेल. परंतु पैनगंगा, पूर्णा यांच्या उपनद्यांतील दगड, गावतळ्यातील कमळाच्या पानांची खालची बाजू आणि विहिरींच्या पायऱ्या भिंगाने तपासणे हे कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे. असे प्राणी सापडले तर नोंद होईल. न सापडले तरी पाहणीची जागा, दिनांक व पद्धत लिहून ठेवल्यास तीही नोंदच होय.

८. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांच्या विच्छेदनावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विच्छेदन थांबविण्याची भूमिका घेतली. प्रयोगशाळेत सुरी खाली ठेवली गेली. शैक्षणिक सहलीत मात्र ‘संग्रहासाठी नमुने’ गोळा करण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या गटाने प्रत्येकी दोन लिंपेट उचकटले तर एका लहानशा खडकावरील चरणारे प्राणी एका दुपारी संपू शकतात. पुढील वर्षी तोच खडक दुसऱ्या महाविद्यालयाच्या वाट्याला येतो. हवाई बेटांवर सेलाना वंशातील लिंपेट ‘ओपिही’ या नावाने आवडीने खाल्ले जातात. तेथे त्यांची संख्या इतकी घटली की, पकडावयाच्या कवचाच्या किमान आकारावर कायद्याने बंधन घालावे लागले. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे. अशा संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय काहीही उचलणे हा नियमभंग ठरतो, हे सहलीपूर्वीच सांगितले पाहिजे.

नमुने न उचलता पुढील अभ्यास करता येतो.

(१) ओहोटीच्या वेळापत्रकानुसार सहलीचा दिवस ठरवावा. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक खाली जाते.

(२) भरतीच्या रेषेकडून पाण्याकडे दोरी ताणावी व ठरावीक अंतरावर चौकट ठेवून तीमधील लिंपेट मोजावेत.

(३) प्राणी जागेवरच ठेवून व्हर्नियरने कवचाची लांबी, रुंदी व उंची घ्यावी. उंची व लांबी यांचे गुणोत्तर काढून वरच्या व खालच्या पट्ट्यांची तुलना करावी. संख्याशास्त्राच्या अध्यापकांना येथे सहभागी करून घेता येईल.

(४) चौकटीतील शैवलांचे आच्छादन अंदाजाने नोंदवावे. लिंपेटची संख्या व शैवलांचे आच्छादन यांचा संबंध दिसतो का, ते तपासावे.

(५) निवडक कवचांवर व शेजारच्या खडकावर रंगाचा लहान ठिपका देऊन पुढील ओहोटीला जागा पाहावी.

(६) संग्रहासाठी किनाऱ्यावर पडलेली रिकामी कवचेच घ्यावीत, तीही मोजकी. स्नायूची खूण पाहून सेलाना व सायफोनेरिया वेगळे करण्यास ती पुरेशी आहेत.

महाविद्यालयात आधीपासून असलेल्या बरण्या टाकून देण्याचे कारण नाही. एकदा घेतलेला नमुना जपणे हे कर्तव्यच आहे. त्या बरणीशेजारी किनाऱ्यावरील जिवंत लिंपेटचे छायाचित्र, बेसाल्टचा एक तुकडा आणि मोजमापांचा तक्ता ठेवावा. बेसाल्टचा तुकडा आपल्याच गावच्या खदानीतून मिळेल. चिठ्ठीवर प्रजातीच्या नावाबरोबर स्थळ, दिनांक व किनाऱ्यावरील पट्टा ही माहिती उपलब्ध असल्यास लिहावी. उपलब्ध नसल्यास ‘माहिती नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

९. निष्कर्ष

लिंपेटचे कवच, अधिवास व आहार हे तीन स्वतंत्र मथळे नाहीत. खडकावरील लेप खाण्यासाठी त्याला उघड्या खडकावर राहावे लागते. तेथे राहण्यासाठी खडकाशी जुळणारे कवच लागते. आणि त्याच्या चरण्यामुळे खडक उघडा राहतो. या साखळीतील एक कडी काढून अभ्यासली तर इतर दोन समजत नाहीत. कवचाचा आकार जागा सांगतो, वंश सांगण्यासाठी आत पाहावे लागते, हे सायफोनेरिया व फेरिसियाच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

समुद्रापासून दूर असलेल्या महाविद्यालयाची उणीव बरण्यांची संख्या वाढवून भरून निघणार नाही. किनाऱ्यावर घालविलेली एक ओहोटी, हातातील व्हर्नियर आणि नोंदवही यांतून विद्यार्थी जे शिकेल, ते फॉर्मेलिनमधील नमुना शिकवू शकत नाही. परत येताना त्याच्याजवळ मोजमापांचा तक्ता असावा आणि ते लिंपेट त्यांच्या खडकावरच असावेत. पुढील वर्षीच्या वर्गाला त्यांचीच गरज पडणार आहे.